पंचगंगेवर पाळत: रुई ते शिरोळ बंधारा, कामाच्या नोंदी

कोल्हापूर जिल्ह्यातल्या पंचगंगेचं पाणी आम्ही मोजतो. आपल्या नदीवर असंच काम उभं करू पाहणाऱ्यांसाठी या नोंदी आहेत. आमचा गट लहान आहे. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. सोबत नदीकाठचे दोन शेतकरी, मासेमारी करणारे एक भोई मामा, त्यांची मुलगी आणि बारावी झालेली दोन पोरं. प्रश्न एकच धरला: उद्योगांचं सांडपाणी मिसळल्यावर नदीत नेमकं काय बदलतं, कुठे आणि किती वाजता.

नदीचे आकडे इथे देत नाही. घरच्या साधनांवर काढलेला आकडा प्रयोगशाळेशी पडताळण्याआधी मोबाइलवर फिरला, तर पहिल्या खोट्या आकड्यासोबत खरे आकडेही बाद होतात. ते वहीत आहेत. इथे पद्धत, खर्च आणि जे जे फसलं ते.

१२ ऑक्टोबर

पाऊस ओसरला. बर्गे, म्हणजे बंधाऱ्याची दारं बंद करायच्या फळ्या, अजून घातलेले नाहीत, नदी वाहती आहे. आज फक्त जागा ठरवल्या.

पंचगंगा प्रयाग चिखलीला सुरू होते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. वाटेत राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ हे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. बर्गे घातले की नदीची एकाखाली एक तळी होतात आणि वरून आलेलं पाणी प्रत्येक तळ्यात मुक्काम करतं. म्हणून जागा बंधाऱ्यांना धरूनच घेतल्या: रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ. पाचवी जागा कापड उद्योगाचं सांडपाणी आणणारा इचलकरंजीचा काळा ओढा, नदीला मिळण्याआधी.

रुई ही आमची 'वरची' जागा, पण ती स्वच्छ नदी नव्हे. तिथवर येईतो कोल्हापूर शहराचा भार पाण्यात आलेला असतो. म्हणून महिन्यातून एकदा प्रयाग चिखलीचाही नमुना घ्यायचा. वरचा नमुना नसेल तर खालच्या नमुन्याला काही अर्थ नाही, हे पोरांना आजच सांगून ठेवलं.

बंधाऱ्याखाली पाणी फेसाळत पडतं तिथे बाटली बुडवायची नाही. पडताना पाण्यात हवा मिसळते आणि प्राणवायू खोटा चढतो. नमुना बंधाऱ्याच्या वरच्या फुगवट्यातला, काठापासून लांबचा, हातभर खोलीवरचा.

१९ ऑक्टोबर

साहित्य आणलं. काचेचं घासून बसवलेलं बूच असलेल्या ३०० मिलीच्या बीओडी बाटल्या (बीओडी म्हणजे घाण कुजवताना जिवाणू खर्च करतात तो प्राणवायू), एक साधारण ४०० रुपयांना. मँगेनस सल्फेट, अल्कली-आयोडाइड-अझाइड, सल्फ्युरिक आम्ल, सोडियम थायोसल्फेट, स्टार्च. ब्युरेट कॉलेजचं. पीएचचं पेन, क्षारांचं पेन, थर्मामीटर. विरघळलेला प्राणवायू, म्हणजे डीओ, मोजायचं बरं मीटर १५ हजारांच्या पुढे जात होतं. ते घेतलं नाही, जुनी विंकलर पद्धत धरली.

अझाइड विषारी आहे. तयार द्रावण विकत घ्या, पूड तोलत बसू नका.

ही पद्धत धरण्याचं दुसरं कारण काठावरच्या माणसांसाठी आहे. बाटलीत पहिली दोन द्रावणं प्रत्येकी २ मिली घातली की साका बसतो. पाण्यात प्राणवायू असेल तर साका तपकिरी, अजिबात नसेल तर पांढरा. त्यासाठी आकडा वाचता यावा लागत नाही. आकडा हवा तर पुढे टायट्रेशन: आम्ल घातलं की प्राणवायूच्या प्रमाणात आयोडीन सुटतं, स्टार्चने ते निळं दिसतं, आणि तो निळा रंग जाईपर्यंत ब्युरेटच्या नळीतून किती थायोसल्फेट लागलं त्यावरून डीओ निघतो.

२६ ऑक्टोबर

बादली फसली. पुलावरून बादली सोडली, पाणी ओढून घेतलं, बाटलीत ओतलं. त्याच जागी मामांनी होडीतून बाटली पाण्याखाली धरून भरून आणली. दोन्हींत साफ फरक, बादलीचा डीओ जास्त. बादली आपटताना आणि ओतताना हवा मिसळत होती.

मग सॅम्पलर केला. रुंद तोंडाची दोन लिटरची प्लास्टिकची बरणी, आत बीओडीची बाटली घट्ट बसवलेली, तळाला शिशाचं वजन. झाकणाला दोन नळ्या. एक थेट बाटलीच्या तळापर्यंत जाते, तिच्यातून पाणी आत येतं. दुसरी झाकणाला लागूनच संपते, तिच्यातून हवा बाहेर जाते. बाटली भरून वाहते, उरलेलं पाणी बरणीत साठतं. बरणी भरेतो बाटलीतलं पाणी काही वेळा बदललेलं असतं, त्यामुळे हवेला लागलेलं पहिलं पाणी निघून जातं. खर्च २५० रुपयांच्या आत. झाकणाच्या भोकांना सुरुवातीला एम-सील लावलं, ते सुटलं. सायकलच्या ट्यूबचा वॉशर टिकला.

९ नोव्हेंबर

दोन पेनं, एकच पाणी, दोन आकडे. शेतकरी मित्राकडे टीडीएसचं, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं, एक पेन आधीपासून होतं. ते आमच्यापेक्षा बरंच कमी दाखवत होतं आणि दोन्ही नवीच.

अख्खा शनिवार गेल्यावर कारण सापडलं. ही पेनं क्षार मोजत नाहीत. पाण्यातून वीज किती सहज जाते ते मोजतात आणि त्याला एका ठरीव गुणकाने गुणून टीडीएस दाखवतात. एकाचा गुणक ०.५, दुसऱ्याचा ०.७. आता टीडीएस लिहायचाच नाही, फक्त ईसी, म्हणजे पाण्याची वीजवाहकता, लिहायची, मायक्रोसीमेन्समध्ये.

पेन तपासायला विकतचं द्रावण लागत नाही. पोटॅशियम क्लोराइड ०.७४५६ ग्रॅम, डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून बरोबर एक लिटर. २५ अंशांना पेनाने १४१३ दाखवलं पाहिजे. दर खेपेला निघण्याआधी हे करायचं. पेनात तापमानाची दुरुस्ती नसेल तर दर अंशाला सुमारे दोन टक्के फरक पडतो, म्हणून तापमानही लिहायचं.

१६ नोव्हेंबर

साखर कारखान्यांची धुराडी पेटली. नदीचा आमचा पहिला नीट संच आज आला आणि आजच तो बाद करावा लागला.

पद्धत तपासायला नळाचं पाणी मत्स्यपेटीच्या पंपाने रात्रभर हवा देऊन ठेवलं होतं. असं पाणी २५ अंशांना समुद्रसपाटीवर लिटरला ८.२६ मिलिग्रॅम प्राणवायू धरतं. आपण साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहोत, म्हणजे ७.७ च्या जवळपास यायला हवं. आमचं त्याच्या बरंच वर गेलं. पाण्यात मावतच नाही एवढा प्राणवायू आमचं ब्युरेट दाखवत होतं.

दोष थायोसल्फेटचा. ०.०२५ नॉर्मलचं द्रावण दिवाळीआधी करून पांढऱ्या बाटलीत उजेडात ठेवलं होतं, ते कमजोर पडलं. कमजोर पडलेलं थायोसल्फेट जास्त लागतं, म्हणून नदी आहे त्यापेक्षा चांगली दिसते. आता डिस्टिल्ड पाणी उकळून गार करून त्यात द्रावण करायचं, तपकिरी बाटलीत ठेवायचं आणि प्रत्येक संचाआधी पोटॅशियम डायक्रोमेटशी ताडून घ्यायचं. आधीचे सगळे डीओ वहीत लाल शाईने रद्द केले, खोडले नाहीत.

डायक्रोमेटमध्ये सहा संयुजेचं क्रोमियम असतं. ते मोरीत ओतायचं नाही. वेगळा कॅन, वर चिठ्ठी, आणि कॉलेजच्या घातक कचऱ्यात.

३० नोव्हेंबर

काळ्या ओढ्याचं टायट्रेशन जमत नाही. निळा रंग जाऊन द्रावण पाण्यासारखं होतं तो शेवटचा बिंदू. इथे पाण्यालाच जांभळट काळा रंग, शेवट ओळखायचा कशावरून? शिवाय कापड रंगवण्याच्या काही प्रकारांतून सल्फाइड येतं, ते आयोडीन खातं. आलेला आकडा डीओचा आहे की सल्फाइडच्या गोंधळाचा, हे सांगता येत नाही. तुरटीने रंग बसवून पाहिला. थोडा उतरला, पुरेसा नाही.

ओढ्याचा डीओ सोडून दिला. त्याचा फारसा उपयोगही नव्हता, ओढ्यात प्राणवायू नसणार हे नाकालाच कळतं. ओढ्यासाठी आता चार गोष्टी: ईसी, पीएच, तापमान आणि रंग. रंगासाठी उंच काचेच्या नळकांड्यात ओढ्याचं पाणी घ्यायचं, पांढऱ्या टाइलवर धरून वरून बघायचं आणि नळाच्या पाण्यापासून वेगळं ओळखू येईनासं होईपर्यंत पातळ करत जायचं. किती पट पातळ करावं लागलं तो आकडा. दोघांनी एकमेकांचं न बघता मोजायचं.

७ डिसेंबर

ईसीचं पेन आमचं सगळ्यात स्वस्त हत्यार आणि सगळ्यात कामाचं, हे आज पटलं. रिअॅक्टिव्ह रंगाने सुती कापड रंगवताना रंग धाग्यावर चढावा म्हणून मीठ किंवा सोडियम सल्फेट घालतात, लिटरला दहा ग्रॅमच्या कितीतरी पट. ते कापडात राहत नाही, सगळं पाण्यात उतरतं. जिवाणूंवर चालणारं प्रक्रिया केंद्र विणण्याआधी सुताला लावलेली सायझिंगची खळ खाऊन टाकतं, पण मीठ त्याच्या हाती लागत नाही. नदीतही ते कुजत नाही, बसत नाही, फक्त पातळ होतं. म्हणून ओढ्याच्या वर आणि खाली ईसी मोजली की ओढ्याचा हात किती लांब पोहोचतो ते कळतं.

पण हेही ध्यानात ठेवायचं: ईसी वाढली म्हणजे कोणी चोरून पाणी सोडलं असं नव्हे. नियमात प्रक्रिया केलेलं पाणीही खारटच येतं. शेतीला चालणाऱ्या पाण्याची केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने घातलेली हद्द २२५० मायक्रोसीमेन्स आहे. शिरोळ तालुक्यात जमिनी क्षारपड होण्यामागे जास्तीचं पाणी आणि निचऱ्याचा अभाव ही कारणं आधीपासून आहेत. त्यात पाणीच खारट येत असेल तर शेतकऱ्याला ते कळायला हवं. गटातल्या दोघांनी आता आपापल्या मोटरीच्या तोंडाशी ईसी लिहायला सुरुवात केली आहे.

१४ डिसेंबर

वेळ. एवढे दिवस आम्ही नाष्टा करून नऊ-दहाला निघत होतो. मामा म्हणाले, "सर, मासं पहाटं तडफडत्यात, आन् तुम्ही येता ऊन झाल्यावर."

तेरवाडला पहाटे, दुपारी आणि पुन्हा पहाटे नमुने घेतले. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं, रात्री सगळेच घेतात. दुपारी तपकिरी, पहाटे फिक्कट. एकाच जागेच्या दोन बाटल्या शेजारी ठेवल्या तर दोन नद्यांच्या वाटाव्यात. मासे जगण्यासाठी डीओ ४ च्या वर असावा असं केंद्रीय मंडळाचं वर्गीकरण सांगतं. दुपारी ती अट पाळणारी नदी पहाटे पाळेलच असं नाही. जिथे केंदाळ (जलपर्णी) दाट आहे तिथे दुपारीही सुधारणा नाही, पानांखालच्या पाण्याला ऊनच मिळत नाही.

या कामातली ही सगळ्यात मोठी गोष्ट. वेळ न लिहिलेला डीओ कचऱ्यात टाका. आता सूर्योदयाच्या आत पहिली बाटली. पहिली दोन द्रावणं काठावरच घालायची, बूच लावून ओल्या फडक्याखाली अंधारात ठेवायचं, आम्ल कॉलेजात गेल्यावर. आम्लाची बाटली मोटारसायकलच्या डिकीत न्यायची नाही.

४ जानेवारी

बीओडी घरी करायचा नाद सोडला. आपल्याकडे बीओडी २७ अंशांवर तीन दिवस ठेवून करतात. थर्माकोलची पेटी, आत बल्ब, थर्मोस्टॅट, सगळं जुळवलं. लाइट गेली की पेटी गार, आली की तापून वर. शिवाय खालच्या जागांच्या बाटल्यांत तिसऱ्या दिवशी काहीच प्राणवायू उरत नव्हता, म्हणजे निकाल नाही. शेवटी किमान १ मिलिग्रॅम उरायला हवा आणि किमान २ खर्ची पडायला हवा, तरच तो आकडा धरतात. पातळ करून पुन्हा, पुन्हा. बहुतेक सगळा डिसेंबर यात गेला.

एक गोष्ट मात्र हाती लागली. ओढ्याचं पाणी जितकं जास्त पातळ करावं तितका हिशेबाने येणारा बीओडी वाढत होता. पाण्यात जिवाणूंनाच मारणारं काही असलं की असं होतं. कमी पातळ केलेल्या बाटलीत जिवाणू अर्धमेले, म्हणून ते खातही कमी आणि पाणी उगाच बरं दिसतं. औद्योगिक पाण्याचा एकटा बीओडी बघून समाधान मानू नये ते यासाठी. आता मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळेत बीओडी आणि सीओडी (रसायनाने घाण जाळायला लागणारा प्राणवायू) दोन्ही देतो, एका नमुन्याला हजार-बाराशे रुपये. महिन्याला दोनच नमुने परवडतात: रुई आणि तेरवाड.

२५ जानेवारी

पहाटे मामांच्या मुलीचा फोन. तेरवाडच्या फुगवट्यात मासे. पाणी तपकिरी, गोडसर आंबूस वास. पहिल्या दोन द्रावणांनंतर साका पांढराफेक. काठावर जमलेल्यांनी बाटली हातोहात बघितली.

लोक म्हणत होते, विष पडलं. मामा होडीतून चक्कर मारून आले. "इख न्हाई सर. मेल्यात ते कटला आन् रोहू. चिलापी वर येऊन तोंड हालवतीया, मरळ गुमान फिरतीया. पाण्यातली हवा गेलीया. इख असतं तर मरळ बी उताणी पडली असती."

मरळ वर येऊन हवेतला श्वास घेते. चिलापी कमी प्राणवायूतही तग धरते. कोण मेलं आणि कोण जगलं यावरून मामांनी जे सांगितलं, ते सांगायला माझ्याकडे तोवर एकही उपकरण नव्हतं. मासे मेल्याच्या नोंदीत आता जातवार यादी आली: कोण मेलं, कोण वर आलं, कोणावर परिणाम नाही, कल्ल्यांचा रंग कसा. सगळ्याच जाती एकदम मेल्या तर शंका विषाची, अमोनियाची किंवा पीएचची.

तपकिरी पाण्याबद्दल इथले लोक मळीमिश्रित पाणी म्हणतात. ते कुठून आलं हे आमच्या बाटलीने सिद्ध होत नाही, म्हणून वहीत नाव लिहिलं नाही. एवढा हिशेब मात्र सगळ्यांना माहीत हवा: आसवणीच्या कच्च्या स्पेंटवॉशचा, म्हणजे मद्यार्क काढून उरलेल्या पाण्याचा, सीओडी लिटरला लाख मिलिग्रॅमच्या घरात असतो, घरगुती सांडपाण्याचा काही शेकड्यांत. दहा हजार लिटरचा एक टँकर नदीचा प्राणवायू ओढण्यात सुमारे वीस लाख लिटर घरगुती सांडपाण्याच्या बरोबरीचा. बर्गे घातलेल्या, न वाहणाऱ्या नदीत तो पुरतो.

२ फेब्रुवारी

अमोनियाचं किट आणलं, मत्स्यपेट्यांच्या दुकानात मिळतं. काही दिवस डीओ बरा असूनही मासे सुस्त का, याचा शोध होता. किट एकूण अमोनिया दाखवतं. माशाला मारतो तो त्यातला मुक्त अमोनिया, आणि त्याचा वाटा पीएचवर ठरतो. २५ अंशांना पीएच ८ असताना पाच टक्क्यांच्या आसपास, पीएच ९ ला एक तृतीयांशाहून जास्त.

अमोनिया येतो गावा-शहरांच्या मैल्यातून. पीएच चढतो कापड प्रोसेसमधल्या कॉस्टिक सोड्याने. दोन्ही पाणी वेगवेगळी असती तर जे सोसलं असतं, ते एकत्र येऊन मारक होतं. 'आमच्यामुळे नाही, त्यांच्यामुळे' हा वाद दोन्ही बाजूंनी ऐकला आहे. नदीत तो वाद टिकत नाही.

१५ फेब्रुवारी

प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यांशी बोलून आलो. १९७४ च्या जल अधिनियमाचं कलम २१ वाचून गेलो होतो, त्याचा फायदा झाला. कारवाईसाठी चालणारा नमुना मंडळाच्या माणसानेच घ्यावा लागतो. कारखान्याला तिथल्या तिथे नोटीस, त्यांच्या माणसासमोर नमुना, त्यांनी मागितलं तर दोन भाग, सीलबंद, सह्यांसह. आमची बाटली कोर्टात पुरावा नाही.

मग आमचा उपयोग काय? अधिकारी रोज नदीवर नसतात. कोणत्या जागी, कोणत्या वेळी, वरच्या आणि खालच्या नमुन्यात किती अंतर पडतं, हे वहीतून दिसलं तर त्यांना बाटली घेऊन कधी आणि कुठे यायचं ते कळतं. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याची सर्वसाधारण हद्द बीओडी ३०, सीओडी २५०, पीएच ५.५ ते ९ आहे. ती लागू होते बाहेर पडणाऱ्या नळीला, नदीला नाही. आमच्या पहिल्या निवेदनाच्या मसुद्यात नदीचे आकडे या हद्दीशी ताडले होते. तो भाग काढला.

२२ मार्च

उपसाबंदीचे दिवस. धरणाचं पाणी येतं तेव्हा ईसी उतरते, थांबलं की चढते. नुसता ईसीचा आलेख बघून नदी सुधारली म्हणायचं नाही, त्या दिवशी वरून पाणी सोडलं होतं का ते शेजारी लिहायचं.

१० मे

वळीव झाला. ओढ्या-नाल्यांच्या तळाला महिनोन्‌महिने बसलेला गाळ एका रात्रीत नदीत आला. रुईलाही पांढुरका साका. पहिल्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी आलेला वाईट आकडा त्या दिवशीच्या सांडपाण्याचा नसतो. साठलेलं वर येतं. ही नोंद वेगळ्या रंगाने करतो, बाकीच्या सरासरीत मिसळत नाही.

७ जून

बर्गे काढले. तळी मोकळी झाली, शिरोळला काळं पाणी एकदम आलं, मग नदी गढूळ होऊन चढायला लागली. मोजणी थांबवली. पुरात काठावर जायचं नाही, हे पोरांच्या घरी सांगितलं आहे.

पुढच्या हंगामासाठी: बाटल्या पुरेशा आहेत, दोन फुटल्या त्या घ्यायच्या. ईसीची दोन पेनं आणखी, मोटरीवर मोजणाऱ्या शेतकऱ्यांसाठी. प्रयोगशाळेच्या पैशांसाठी दोन ग्रामपंचायतींना पत्रं दिली आहेत. तेरवाड आणि शिरोळची पहाटेची बाटली मामांची मुलगी घेणार. टायट्रेशन तिला माझ्याइतकंच येतं आणि नदी ती माझ्याआधी बघते. नव्याने सुरू करणाऱ्यांनी पहिला महिना ईसी, पीएच, तापमान आणि वेळ एवढंच लिहावं, विंकलर त्यानंतर.